दोन खुर्च्यांपुरता सामना

चष्मेवाल्याच्या दुकानात त्याची वहिनी शिरली, तेव्हा ती चष्म्यासाठी आलेली नाही हे त्याने तिच्या चालण्यावरूनच ओळखलं. तिने स्टुलावर पिशवी ठेवली, पिशवीवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाली, "भाऊजी, ह्यांना दिसत नाहीये."

"कधीपासून?"

"ते सांगतायत होय! परवा चहा कपाच्या शेजारी ओतला. बशीत नाही, शेजारी टेबलावर. म्हटलं, वय झालंय. मग दाराच्या चौकटीवर खांदा आपटला, आठवड्यात तिसऱ्यांदा. तेही मी मनावर घेतलं नाही. पण काल फुटबॉलच्या मॅचवरून आले आणि म्हणतात कसे, यंदा आपला डावा बॅक बरा खेळतोय."

चष्मेवाल्याच्या हातातली फ्रेम काउंटरवर पडली. काल डाव्या बॅकला विसाव्या मिनिटाला बाहेर काढलं होतं आणि त्याच्या जागी कोणालाच आत पाठवलं नव्हतं.

त्याने वहिनीला चार-पाच प्रश्न विचारले. समोरचं दिसतं का, बाजूचं दिसतं का, रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात असं कधी म्हणाला का. प्रत्येक उत्तर त्याला नको होतं तेच आलं. तीस वर्षं तो या धंद्यात होता. दुकानात डोळ्यांतला दाब मोजायचं यंत्र होतं, आणि दुकानाच्या वरच्या मजल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई बसायच्या. काचबिंदू असला तर थेंब लगेच सुरू करावे लागतात, कारण जेवढी नजर गेली तेवढी गेली, ती परत येत नाही. हे तो रोज परक्या लोकांना समजावून सांगायचा.

"मग घेऊन या ना त्याला. आत्ता घेऊन या."

"मी काय कमी मागे लागले? म्हणतात, सख्ख्या भावाचं चष्म्याचं दुकान असताना परक्याच्या खुर्चीत कशाला बसू, लोक काय म्हणतील. म्हटलं, मग भावाच्याच खुर्चीत बसा. तर म्हणतात, तो आणि मी बोलत नाही."

आता हे बोलत नसण्याचं प्रकरण सांगितलंच पाहिजे, कारण ते अर्धवटच होतं, आणि सगळी पंचाईत त्या अर्धवटपणातच होती.

अकरा वर्षांपूर्वी वडील गेल्यावर एका कपाटावरून दोघे भाऊ भांडले. कपाट दोघांनाही नको होतं. दादा म्हणाला तू ने, चष्मेवाला म्हणाला तू ने, आणि या आग्रहातून शब्द इतका वाढला, की शेवटी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केलेल्या दादाने करवत आणली आणि कपाट मधोमध कापलं. दोन दारांपैकी एक-एक दोघांच्या घरी गेलं. तेव्हापासून बोलणं बंद.

पण वडिलांनी मागे आणखी एक गोष्ट ठेवली होती. मैदानाच्या उत्तरेकडच्या स्टँडमधल्या, चौदाव्या रांगेतल्या, एकतीस आणि बत्तीस नंबरच्या खुर्च्या. त्या काही कापता येत नव्हत्या. भांडणानंतरच्या पहिल्या सामन्याला दोघे शेजारी बसले आणि वीस मिनिटं तोंडाला कुलूप लावून समोर बघत राहिले. एकविसाव्या मिनिटाला आपल्या बॅकने आपल्याच गोलमध्ये बॉल मारला. माणसाने सहन तरी किती करायचं? दादा ओरडला, "अरे, करतोय काय हा!" चष्मेवाला म्हणाला, "पगार कोणाकडून घेतो विचार त्याला." मग दोघे सलग तीन मिनिटं बोलले. रेफरीची शिट्टी झाली, बॉल थांबला, आणि दादाला एकदम आठवलं की आपण बोलत नाही. त्याने तोंड मिटलं.

तेव्हापासून तोच कायदा झाला. बॉल खेळात असेल तोवर बोलायचं, बॉल मेला की गप्प. मध्यंतराला दोघे अनोळखी माणसांसारखे बसत. दादाच्या मुलीचं लग्न ठरल्याची बातमी चष्मेवाल्याला एका लांबलेल्या हल्ल्यात कळली होती: "मुलगा इंजिनियर आहे, अरे पास दे त्याला, घरचे बरे आहेत, दे की रे!" पुढची तारीख कळायला बॉल परत आत येईपर्यंत थांबावं लागलं.

हे सगळं चालून गेलं असतं, पण सध्या हंगाम सुरू नव्हता. सराव सामने चालू होते. आणि सराव सामने मोजायचे नसतात.

हा नियम दादाचा नव्हता, प्रेक्षक मंडळाचा होता. संघ गेल्या वर्षी तळाला होता, त्याच्या आदल्या वर्षीही होता, त्याआधी तळाच्या एक पायरी वर होता आणि त्या वर्षाची आठवण लोक अजून काढत. अशा संघाच्या मागे उभं राहायचं तर संयम पुरवून वापरावा लागतो. म्हणून मंडळाने ठरवलं होतं की हंगामाआधीचे सामने झालेच नाहीत असं समजायचं. बघायला यायचं, पण शिवी द्यायची नाही, उसासा टाकायचा नाही, कपाळावर हात मारायचा नाही. पोस्टाच्या कर्मचाऱ्यांनी आपल्याला सहा गोलांनी हरवलं तेव्हा हजार माणसं मांडीवर हात ठेवून, फोटोला बसावं तशी बसली होती. एका गृहस्थाच्या नाकाचा घोळणा फुटला, पण त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. मंडळाने नंतर त्यांचा सत्कार केला.

थोडक्यात, दादाच्या हिशेबी बॉल खेळात येणार होता तो सात आठवड्यांनी.

चष्मेवाल्याने आधी सरळ मार्ग धरला. तो दादाच्या घरी गेला. दादाने दार उघडलं, आवाज ऐकून ओळखलं, आणि आत जाऊन न्हाणीघराची कडी लावून घेतली. दीड तास बाहेर आला नाही. मग चष्मेवाल्याने चिठ्ठी लिहिली. चिठ्ठी दादाला वाचता येईना, आणि भावाभावांतली खासगी गोष्ट म्हणून त्याने ती बायकोलाही वाचू दिली नाही. खिशात घालून फिरत होता म्हणे.

तेव्हा चष्मेवाला मंडळाच्या बैठकीला गेला. बैठक बेकरीच्या मागच्या खोलीत, पिठाच्या पोत्यांवर बसून होत असे, कारण मंडळाचे अध्यक्ष बेकरीवाले होते. तो म्हणाला, "माझी एकच विनंती आहे. पुढचा सराव सामना मोजला जावा."

खोलीत अशी शांतता पसरली, की भट्टीतल्या पावांचं फुगणंसुद्धा ऐकू आलं असतं.

"मोजला जावा म्हणजे?" बेकरीवाल्यांनी विचारलं.

"म्हणजे खरा धरावा."

"अहो, शुद्धीवर आहात ना? पुढचा सामना बंबवाल्यांशी आहे. आगी विझवणारी माणसं ती, त्यांच्या अंगात केवढी ताकद! आठ गोल बसतील आपल्याला. ते मोजायचे? मग हंगामाला उरेल काय लोकांकडे?"

चिटणीसबाई भूमापन कार्यालयात नकाशे काढायच्या. त्यांच्याकडे चाळीस वर्षांच्या पराभवांची वही होती. त्या म्हणाल्या, "एक सराव सामना मोजला, तर मागचे का नाही मोजायचे, असं उद्या कोणीही म्हणेल. माझ्याकडे जागा नाही वहीत."

चष्मेवाल्याने मग लाज सोडली. दादाचं सगळं सांगितलं. चहा, चौकट, डावा बॅक. डाव्या बॅकचं ऐकून बेकरीवाल्यांनी डोळे पुसले. "इतकं झालंय?" ते म्हणाले. "मग काहीतरी केलंच पाहिजे."

दोन तास खल झाला आणि ठराव मंजूर झाला, तो असा: पुढचा सराव सामना फक्त चौदाव्या रांगेतल्या एकतीस आणि बत्तीस नंबरच्या खुर्च्यांसाठी मोजला जाईल. इतर सर्वांसाठी तो झालेला नसेल, आणि इतरांनी त्यात कोणत्याही प्रकारे भाग घेऊ नये.

सामन्याच्या दिवशी दुपारी तीनला हा ठराव लाउडस्पीकरवरून वाचला गेला. वहिनीने दादाला जिन्याने वर आणून खुर्चीत बसवलं आणि ती फाटकाशी जाऊन थांबली. दादाने ठराव नीट ऐकला, मान डोलावली आणि घसा साफ केला. चष्मेवाल्याचा जीव भांड्यात पडला.

ठराव खेळाडूंनीही ऐकला, हे मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही. आजचा सामना कोणासाठी तरी मोजला जाणार, हे कळल्यावर त्यांची पाचावर धारण बसली. गोलकीपरने बुटांची नाडी चार वेळा सोडून बांधली. पोस्टवाल्यांसमोर निदान पाय तरी सुटे होते. आज तेही आखडले. पहिला गोल चौथ्या मिनिटाला बसला.

"बघितलंस?" दादा म्हणाला. तीन महिन्यांत त्याच्या तोंडून आलेला हा पहिला शब्द होता आणि चष्मेवाल्याला इतका आनंद झाला की त्याने नुसती जोरजोरात मान हलवली. तोवर बॉल मध्यावर नेऊन ठेवला होता, म्हणजे मेला होता.

पुढचा तासभर तो बोलायला तोंड उघडत होता आणि दादा बोलत होता. तीन महिन्यांचं साठलेलं दादाकडेही होतंच. जावयाची बदली, शेजारणीचा कुत्रा, नव्या लिफ्टची बटणं कशी भिकार असतात. दादा श्वास घ्यायला थांबे, चष्मेवाला म्हणे, "दादा, तुझे डो—" आणि बॉल बाहेर जाई. आपल्या संघाच्या पायात बॉल कधीच आठ-दहा सेकंदांपेक्षा जास्त टिकत नसे. आठ सेकंदांत भावाला आंधळेपणाबद्दल कसं सांगायचं? त्यातून तो मोठा भाऊ. चष्मेवाला मनातल्या मनात वाक्यं कापत होता, अजून लहान करत होता. दोन शब्दांवर आला होता.

एकसष्टाव्या मिनिटाला, पाच गोल झाल्यावर, भोंगा वाजला. शहरात कुठलंसं रिकामं गोदाम पेटलं होतं. बंबवाल्यांच्या अकराही जणांनी खेळता खेळता मान वर केली, ऐकलं, आणि ते होते तसे, चड्ड्यांवरच, फाटकाकडे पळाले. त्यांचा गोलकीपर हातमोजे घालूनच बंबाला लटकला. दोन मिनिटांत मैदान अर्धं रिकामं झालं.

रेफरी एरवी वजनमापं तपासणारे अधिकारी होते. त्यांनी पुस्तक उघडून बघितलं आणि खूण केली, सामना चालू.

समोर कोणी नाही. गोल रिकामा. एवढी संधी आपल्या संघाला गेल्या चाळीस वर्षांत मिळाली नव्हती. एकाने बॉल घेऊन सरळ चालत जायचं आणि आत ढकलायचा, एवढंच काम. पण एकट्याने जाणार कोण? चुकला तर नाव त्याचंच. म्हणून मधल्याने पुढच्याला पास दिला, आणि लाइन्समनने झेंडा वर केला. समोर कोणीच नसेल तर बॉलच्या पुढे उभा असलेला माणूस ऑफसाइड असतो.

फ्री किक बंबवाल्यांची. बंबवाले आग विझवायला गेलेले.

बॉल गवतावर ठेवला गेला आणि तसाच राहिला. अकरा खेळाडू त्याच्याभोवती दहा पावलं दूर, नियमाप्रमाणे उभे राहिले. हजार प्रेक्षक मांडीवर हात ठेवून बसले. त्यांच्यासाठी हे काही घडतच नव्हतं, त्यामुळे घाई कोणालाच नव्हती. सत्तर मिनिटं झाली. पंचाहत्तर झाली. चष्मेवाला घड्याळाकडे बघत होता, दादा समोर बघत होता, आणि दोघे गप्प होते. नव्वद झाली की रेफरी शिट्टी वाजवणार, आणि पुढचा बॉल पाच आठवड्यांनी. पाच आठवड्यांत किती नजर जाते, याचा हिशेब त्याला दुर्दैवाने येत होता.

अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला तो उठला, चौदा रांगा उतरला, कठड्यावरून पाय टाकून मैदानात गेला.

"काय हवंय?" रेफरींनी विचारलं.

"फ्री किक मी घेतो. त्यांच्याकडून."

"तुम्ही बंबवाले आहात?"

"नाही. पण दुकानात आग विझवायचं नळकांडं आहे माझ्याकडे. दर वर्षी भरून घेतो."

"तारखेची चिठ्ठी आहे का त्याच्यावर?"

"आहे."

रेफरींनी क्षणभर विचार केला. "मग घ्या," ते म्हणाले.

चष्मेवाल्याने चष्मा नाकावर घट्ट केला आणि बॉलला लाथ मारली. फार जोरात नाही, चार हात पुढे. लगेच धावत जाऊन त्याने तो परत पायाखाली घेतला. बॉल खेळात आला होता. त्याने स्टँडकडे वळून बघितलं आणि ओरडायला छाती भरून घेतली.

आणि ती तशीच राहिली. वर चौदाव्या रांगेत दादा बोलायला लागला होता. बॉल पायाला लागल्याचा आवाज त्याने ऐकला असणार. तो बत्तीस नंबरच्या खुर्चीकडे किंचित झुकला होता आणि बोट नाचवत काहीतरी पटवून देत होता, मध्येच हसत होता, उत्तरासाठी थांबत होता. खुर्ची रिकामी होती. शेजारी तेहतीस नंबरवर बेकरीवाले बसले होते, त्यांना सगळं दिसत होतं. पण त्यांच्यासाठी सामना चालू नव्हता, आणि त्यांनी मांडीवरचा हात उचलला नाही. त्यांच्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं.

"दादा!" चष्मेवाला ओरडला. "दादा, मी इथे आहे!"

दादा थांबला. त्याने हात पुढे करून शेजारची खुर्ची चाचपली. पाठ चाचपली, बैठक चाचपली. मग उभा राहिला.

"कुठे आहेस तू?"

"मैदानात!"

"कोणाकडून?"

"बंबवाल्यांकडून!"

"लाज नाही वाटत?"

"दादा, तुला दिसत नाहीये!"

"दिसतंय मला! चांगलं दिसतंय!"

"तू खुर्चीशी बोलत होतास!"

आपले पुढचे तीन खेळाडू तोवर भानावर आले होते. समोर अखेर एक प्रतिस्पर्धी होता, तोही बावन्न वर्षांचा आणि चष्मा घातलेला, त्यामुळे त्यांना हुरूप आला. ते तिघं त्याच्यावर चालून गेले. चष्मेवाला बॉल पोटाशी धरल्यासारखा त्यावर वाकून गोल गोल फिरू लागला. त्याला धाप लागली होती, घामाने चष्मा घसरत होता, आणि तो त्यातूनच ओरडत होता, "उद्या दहाला दुकानात ये! मी दाब बघतो! वर डॉक्टरीणबाई आहेत! दादा, थेंब घालायचे फक्त, दुखत नाही! थांबलास तर सगळं जाईल, मी बघितलंय, रोज बघतो मी!"

मग कोणाचा तरी बूट मध्ये आला. बॉल सुटला, गवतावरून गडगडत गेला आणि पांढरी रेघ ओलांडून जाहिरातीच्या फळीला लागून थांबला.

चष्मेवाल्याचं तोंड आपसूक मिटलं. अकरा वर्षांची सवय होती. तो कमरेवर हात ठेवून, रडकुंडीला येऊन, वर बघत उभा राहिला. रेफरींची शिट्टी तोंडात होती.

दादा कठडा धरून उभा होता. त्याने मान एकदा डावीकडे वळवली, एकदा उजवीकडे, आणि मैदानाच्या भलत्याच कोपऱ्याकडे बघत विचारलं, "बॉल आत आहे का रे बाहेर?"

वजनमापं तपासण्यात ज्यांची हयात गेली, त्या माणसाने शिट्टी तोंडातून काढून खिशात टाकली. तेवढ्यात बेकरीवाले उठले, मागे चिटणीसबाई उठल्या, आणि ज्यांच्यासाठी सामना चालू नव्हता ते हजार लोक एका आवाजात म्हणाले, "आत आहे!"

दादाने ते ऐकून घेतलं.

"मग वर ये," तो म्हणाला. "मला जिना दिसत नाही."

चष्मेवाला चौदा रांगा चढून गेला. त्याने दादाचा दंड धरला आणि दोघे एकेक पायरी उतरायला लागले. प्रत्येक पायरीला चष्मेवाला सांगत होता, "आता एक. आता अजून एक." मैदानात कोणी हललं नाही, बॉल फळीपाशी पडला होता तसाच पडून होता.

सातव्या रांगेपाशी दादा दम घ्यायला थांबला.

"बॉल कोणाकडे आहे?" त्याने विचारलं.

"आपल्याकडे," चष्मेवाला म्हणाला.